सदावर्ताची इमारत राखायची आणि बाग विकायची?

मल्हारगंजकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या भागात होळकरशाहीतलं एक जुनं सदावर्त आहे, म्हणजे वाटसरूंना फुकट शिधा देणारं ठिकाण. प्रकरण अजून विश्वस्तांच्या बैठकीत अडकलंय, म्हणून नाव देत नाही. इंदूरकरांपैकी ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. दगडी जोतं, वर विटा आणि चुना, सागवानी खांब, मधे चौक आणि चौकाभोवती ओवऱ्या. ओंकारेश्वराला पायी निघालेले साधू, वाटसरू इथे मुक्काम करत. पुढे पुढे ज्यांचं कोणी नाही अशा वृद्ध बायका इथेच राहू लागल्या. आमच्या लहानपणी त्यातल्या काही होत्या. इमारतीच्या मागे पाऊण एकराची बाग आहे, विहिरीसकट.

आता असं घाटतंय की बाग विकायची आणि आलेल्या पैशातून इमारतीची डागडुजी करायची. बहुतेकांना हे पटलंय. पुढचा दरवाजा, खांब, नक्षी जशीच्या तशी राहणार, मग तक्रार कसली?

माझी तक्रार आहे. ही बाग शोभेची नव्हती, सदावर्त तिच्यावर चालत होतं. बाग गेली की पुढचं सगळं नुसतं दाखवायला उरेल.

तुमच्याकडे अशा जागांच्या बागांची काही माहिती, आठवणी, कागद असतील तर इथे लिहा. आणि मी चूक वाटत असेन तर तेही मोकळेपणानं सांगा.

---

कावेरी_रामबाग

अगदी जिव्हाळ्याचा विषय. आमच्या शहरात रामबाग, नारायणबाग, छत्रीबाग, लालबाग अशी नावं पावलोपावली आहेत. लालबाग सोडली तर बाकीच्यांत बाग शोधून दाखवा! मी स्वतः रामबागेत वाढले आणि आमच्या वाट्याला आली ती गॅलरीतली तुळस.

वाचतेय. अजून येऊ द्या.

---

जुनी_बखर

धागा चांगला आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. इंदुरात कुठलीही जुनी इमारत दिसली की लोक ती अहिल्याबाईंची म्हणतात. बाईसाहेबांची राजधानी महेश्वर होती. इंग्रजांशी मंदसौरचा तह झाला १८१८ साली आणि त्यानंतर राजधानी इंदूरला आली. मल्हारगंजातलं बरंचसं बांधकाम त्यानंतरचं. तेव्हा तुमचं सदावर्त थेट त्यांच्या हातचं असेल असं धरून चालू नका. पण ते ज्या पद्धतीवर चाललं ती पद्धत मात्र त्यांच्या घराण्याची, यात शंका नाही.

ती पद्धत अशी. १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर दिली. वर्षाचं उत्पन्न सुमारे ३ लाख रुपये. दौलतीचा खजिना वेगळा, खासगी वेगळी. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात देशभर जो दानधर्म केला, काशी विश्वनाथाचं १७८० चं मंदिर, गयेचं विष्णुपद, सोमनाथ, जागोजागचे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रं, तो या खासगीच्या जोरावर. आणि नुसतं बांधून सोडलं नाही. जिथे बांधलं तिथे पुढच्या खर्चाची तजवीज करून ठेवली. पुजाऱ्याला काय, दिव्याला काय, शिध्याला काय, ते कुठल्या उत्पन्नातून यायचं हे आधी ठरायचं. मूळ दान म्हणजे ही तजवीज होती. भिंती हा तिचा दिसणारा भाग.

त्यामुळे मल्हारगंजकरांचं म्हणणं मला इतिहासाला धरून वाटतं.

---

व्यवहार_आधी

सगळ्यांच्या भावनांचा आदर आहे, पण थोडं जमिनीवर येऊ या. आज त्या बागेतून सदावर्त चालतं का? नाही. तिथे गाजरगवत आणि डास. पावसाळ्यात शेजारच्या घरांत डेंग्यू. इमारतीचं छत गळतंय आणि सागवानाला वाळवी लागलीय. पैसा कुठून येणार? मी एका जुन्या संस्थेच्या कार्यकारिणीत होतो. वर्गणी मागायला गेलं की जो तो वारशाबद्दल भरभरून बोलतो आणि पावती मात्र फाडत नाही. बाग विकून इमारत वाचत असेल तर निदान अर्धं तरी वाचलं. नाहीतर दोन्ही जाईल.

---

परिक्रमावासी

व्यवहार_आधी, छताची काळजी रास्त आहे. पण हे 'अर्धं' म्हणजे नेमकं काय, ते बघा.

मी नर्मदा परिक्रमा केली आहे. वाटेवर सदावर्त आजही मिळतं. म्हणजे कोरा शिधा. पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, तिखट, कुठे थोडं तूप किंवा गूळ. आपण तीन दगडांची चूल मांडायची आणि शिजवून घ्यायचं. काही आश्रमांत तयार भोजनप्रसाद मिळतो, पण शिध्याची रीत जुनी. साधू कोणाच्या हातचं खातील, खाणार नाहीत, सोवळ्याचे नियम असतील, तो प्रश्नच मिटतो.

आता विचार करा. कोऱ्या शिध्याला आणखी काय लागतं? जळण, पाणी आणि भाजीपाला. चूल मांडायला मोकळी जागा. अंघोळीला विहीर. निजायला सावली, कारण चैत्र-वैशाखात चालणारा माणूस दुपारी झाडाखालीच पडतो. पूजेला बेल, तुळस, दोन फुलं. हे सगळं ओवरीत मिळत नाही, बागेत मिळतं. इमारतीत फक्त कोठी आणि देणारा माणूस बसायचा. पाहुण्याचा दिवस बागेत जायचा.

एका गावी मला शिध्याबरोबर एक वांगं आणि मूठभर मिरच्या मिळाल्या होत्या. देणाऱ्या माउलीनं समोरच्या वाफ्यातून तोडून आणल्या. देठाला अजून ओल होती.

---

पोहे_जीरावन

सदावर्ताचा धागा वाचता वाचता भूक लागली भिया. इंदूरकरांचं सदावर्त म्हणजे सकाळचे पोहे! चर्चा थांबवू नका, मी प्लेट घेऊन आलो.

---

आळंपाट

परिक्रमावासींनी नेमकं सांगितलं. मी माळव्यातल्या जुन्या विहिरी आणि बागा बघत हिंडतो, त्यावरून थोडी भर घालतो.

मल्हारगंजकर, तुमच्या बागेत पहिल्यांदा झाडं बघू नका, उतार बघा. विहिरीला लागून बैलांची धाव असेल. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली जायचे ती. आता ती मातीनं भरून सपाट दिसेल, पण पावसाळ्यात पाणी कुठे साचतं यावरून सापडते. विहिरीच्या तोंडाशी थारोळं, म्हणजे मोट जिथे रिकामी व्हायची ती दगडी कुंडी. थारोळ्यातून निघणारा पाट कुठे जातो ते माग काढत बघा. पाट आधी गुरांच्या डोणीकडे किंवा हौदाकडे गेला असेल, तिथून वाफ्यांकडे आणि शेवटी मोठ्या झाडांच्या आळ्यांकडे. कारण भाजीला रोज पाणी लागतं आणि आंब्या-कवठाला पाटाच्या टोकाचं उरलेलं चालतं. पाण्याच्या या क्रमावरून बाग शोभेची होती की पोटापाण्याची, ते कळतं. शोभेच्या बागेत पाणी आधी कारंज्याकडे जातं.

आणि झाडांची यादी करा. बेल, कवठ, आवळा, लिंबू, शेवगा, बकुळ, तगर, कण्हेर अशी भेसळ दिसली तर ती खाण्याची आणि पूजेची बाग.

डेंग्यूबद्दल: वापरात असलेल्या विहिरीत मासे सोडता येतात, उपसा चालू ठेवता येतो. डास बागेमुळे होत नाहीत, बागेकडे दुर्लक्ष केल्यानं होतात.

---

थेम्सकाठी

मूळची इंदूरची, हल्ली लंडनमध्ये. इथलं एक उदाहरण या धाग्याशी इतकं जुळतं की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शोरडिचमध्ये किंग्जलँड रोडवर जेफ्री आल्महाउसेस आहेत. सर रॉबर्ट जेफ्री हे लंडनचे लॉर्ड मेयर आणि लोहारी-सामानाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचे, म्हणजे आयर्नमाँगर्स कंपनीचे प्रमुख. त्यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून १७१४ मध्ये ही घरं उभी राहिली. गरीब वृद्धांसाठी १४ घरं, तीन बाजूंनी ओळीत, मधोमध प्रार्थनागृह आणि समोर मोठं हिरवं अंगण. बांधली तेव्हा आजूबाजूला शेतं आणि मळे होते. दोनशे वर्षांत तिथे दाट वस्ती झाली, कारखाने आले, हवा खराब झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीनं वृद्धांना शहराबाहेर हलवायचं ठरवलं आणि जागा विकायला काढली.

आता लक्ष द्या. जागा वाचावी म्हणून लोकांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यात बागेचा मुद्दा मोठा होता. त्या दाटीत मोकळी हिरवी जागा जवळजवळ उरलीच नव्हती. लंडन काउंटी कौन्सिलनं जागा घेतली, बाग लोकांसाठी राहिली आणि इमारतीत १९१४ मध्ये फर्निचरचं संग्रहालय निघालं, कारण शोरडिच हा सुतारकामाचा भाग. म्हणजे इथे बागेनं इमारतीला वाचवलं असं म्हणायला हरकत नाही. १९९२ मध्ये मागच्या बाजूला औषधी वनस्पतींची बाग केली. २०२१ मध्ये 'म्युझियम ऑफ द होम' या नव्या नावानं ते परत उघडलं. एक घर वृद्ध राहायचे तसं परत सजवून ठेवलंय. एकेका खोलीत चूल, पलंग, टेबल, सगळं तिथेच. ते बघताना मला आपल्या ओवऱ्याच आठवल्या.

एक कडू बाजूही सांगते. जेफ्रींचा पैसा गुलामांच्या व्यापारातही गुंतलेला होता. दारावरचा त्यांचा पुतळा ठेवायचा की काढायचा यावर २०२० मध्ये मोठा वाद झाला. दानाचा पैसा कुठून आला हे विचारायची वेळ प्रत्येक जुन्या वास्तूवर येते आणि यावी.

---

औग्सबुर्ग_सध्या

थेम्सकाठी, छान माहिती. मीही भर घालतो. माझ्या शहरात, म्हणजे जर्मनीतल्या औग्सबुर्गमध्ये, फुगराय आहे. याकोब फुगर या धनाढ्य सावकारानं १५२१ मध्ये गरजू कॅथलिक लोकांसाठी वसवलेली वसाहत, आणि आजही तिथे साधारण दीडशे लोक राहतात. वर्षाचं मूळ भाडं अजूनही ०.८८ युरो, आणि दिवसातून तीन प्रार्थना म्हणायच्या. तळमजल्याच्या घरांना मागे छोटी बाग असते.

@व्यवहार_आधी, पैशाचा प्रश्न तुम्ही विचारलात. सतराव्या शतकापासून हे मुख्यतः कशावर चाललं? संस्थेच्या ताब्यातल्या जंगलावर! लाकडाचं उत्पन्न. दुसऱ्या महायुद्धात वसाहत बॉम्बनं उद्ध्वस्त झाली आणि परत बांधली. जंगल विकून टाकलं असतं तर आज चालवायला काय राहिलं असतं?

---

व्यवहार_आधी

जंगल आणि पाऊण एकर यांत फरक आहे हो. पाऊण एकरातली भाजी विकून छप्पर होत नाही.

तरी मुद्दा समजला. मग उत्पन्न कशातून काढणार ते सांगा. नुसतं 'विकू नका' हे उत्तर नाही.

---

तहसीलवारी

विकण्याआधी एक दार आहे, ते कोणी उघडलंय का? मध्य प्रदेश लोक न्यास अधिनियम, १९५१. कलम १४ प्रमाणे सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता पंजीयकाच्या (न्यास नोंदणी अधिकाऱ्याच्या) पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विश्वस्तांनी बैठकीत ठराव केला म्हणून विक्री होत नाही.

होळकरांच्या त्या 'खासगी'च्या मालमत्तेचा जो 'खासगी ट्रस्ट', त्याचं प्रकरण आठवतं ना? १९६२ मध्ये झालेला ट्रस्ट. हरिद्वारच्या कुशावर्त घाटाच्या व्यवहारावरून वाद उच्च न्यायालयात गेला, २०२० मध्ये निकाल आला, मग सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हा सार्वजनिक न्यास आहे आणि या कायद्याखाली नोंदणी हवी. एवढ्या मोठ्या ट्रस्टला जो नियम, तो गल्लीतल्या सदावर्तालाही.

मल्हारगंजकर, तीन कामं करा. खसऱ्याची (जमिनीच्या सरकारी नोंदीची) नक्कल काढा, आणि जमीन माफीची, म्हणजे सारा माफ असलेली, होती का, ते जुन्या नोंदीत बघा. माफीची असली, देवाच्या नावे असली, तर मालक देव. पुजारी किंवा व्यवस्थापक मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. मग नोंदणीतल्या मालमत्तेच्या यादीत बाग वेगळी लिहिली आहे की 'इमारत व लगतची जमीन' असं एकत्र, ते तपासा. तिसरं, झाडं. शहरी भागात झाड तोडायला २००१ च्या वृक्ष परिरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. मोठ्या झाडांचे फोटो तारखेसकट आजच काढून ठेवा. नंतर 'झाडं नव्हतीच' असं म्हटलं जातं.

---

कावेरी_रामबाग

तहसीलवारी दादा, हे वाचून धीर आला.

जरा अवांतर, पण बागेचाच विषय आहे. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारच्या बोलावण्यावरून इंदूरला आले होते. १९१८ चा त्यांचा अहवाल. प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीला शहरातून मिरवणूक काढली. मिरवणुकीचा रस्ता तोच, जिथली घरं सर्वांत स्वच्छ. त्यामुळे गल्लोगल्ली झाडलोट सुरू झाली. सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार. प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा. आणि तुळशीची रोपं लावलेल्या छोट्या कुंड्या लोकांना वाटल्या. स्वच्छतेत आपला नंबर लागतो म्हणून आपण मिरवतो, पण गेडीस यांची स्वच्छता झाडासकट होती. आपण झाडू ठेवला, कुंडी विसरलो.

---

आळंपाट

कावेरीताई, तुमचं अवांतर अजिबात अवांतर नाही. त्याच्या पुढची कडीही इंदूरचीच. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञानं १९२४ पासून इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर देऊन, वरचेवर उलथून, तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्याच जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे आणि ती जमीन वाचवायला २०२२ मध्ये विद्यार्थ्यांना आंदोलन करावं लागलं.

व्यवहार_आधींच्या प्रश्नाला इथे उत्तर आहे असं मला वाटतं. भाजी विकू नका. रोपवाटिका करा. देवळांना फुलं आणि बेल लागतो, निर्माल्याचं खत होतं, खताला गिऱ्हाईक आहे. विहीर साफ झाली की टँकरचा खर्च वाचतो. छप्पर होणार नाही, कबूल. पण माळी, वीज आणि राखण निघेल. छपरासाठी वेगळी वर्गणी काढू, आणि चालती जागा दिसली की लोक देतात.

---

मल्हारगंजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडी खबर द्यायची आहे.

जुन्या कारभाऱ्यांच्या घरी कीर्दीच्या (रोजच्या जमाखर्चाच्या) वह्या होत्या, त्यातली काही पानं बघायला मिळाली. मोडी आहे. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी वाचून दिली. रोजचा खर्च: पीठ, तूरडाळ, मीठ, गूळ, तेल, दिव्याच्या वाती, द्रोण-पत्रावळी, बैलांची पेंड. भाजी एकदाही नाही. फुलं नाहीत. जळण फक्त पावसाळ्यात विकत घेतलेलं दिसतं. पेंड मात्र बारा महिने.

बैल मोटेलाच असणार. म्हणजे भाजी, फुलं आणि बरंचसं जळण घरचं होतं.

आळंपाट, तुम्ही सांगितलंत तसं थारोळं शोधलं. गाजरगवताखाली आहे, शाबूत. त्याच्या कडेला खाली वाकून बघितलं तर पाटाचं तोंड दोन दिशांना फुटलंय, आणि एका तोंडात अजून दगडी फळी बसवलेली आहे. पाणी अडवायची.

---

जुनी_बखर

कीर्दीचा पुरावा चांगला आहे, पण सांभाळून. भाजी मंडईतल्या लोकांनी धर्मादाय दिली असेल तरी ती खर्चात दिसणार नाही. जमेची बाजू बघितलीत का? धर्मादाय आला असेल तर नाव टाकून लिहिलेला असतो. आणि वर्ष कोणतं? फसली सन (महसुलासाठी वापरायचे ते जुनं वर्ष) असेल तर इसवीसन काढायला ५९० मिळवायचे, महिन्याप्रमाणे कधी ५९१.

---

मल्हारगंजकर

जमेच्या बाजूला धान्य आणि कापड नावांसह आहे. भाजी कोणाच्याच नावानं नाही. बाकीची पानं मिळाली की बघतो.

---

परिक्रमावासी

जॉन माल्कम या माळव्यात कारभार पाहिलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं अहिल्याबाईंबद्दल जे ऐकून लिहून ठेवलंय ते इथे सांगावंसं वाटतं. महेश्वरच्या आसपास उन्हाळ्यात नांगराला जुंपलेले बैल थांबवून त्यांचे नोकर त्यांना पाणी पाजत. आणि शेतकरी पाखरांना पिकावरून हाकलतात म्हणून बाईंनी काही शेतं विकत घेतली होती. त्या शेतांवर पाखरांना कोणी हाकलायचं नाही. थव्यांनी भरलेली असत.

जमीन दानात कशासाठी देतात, याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

---

व्यवहार_आधी

विक्रीचा ठराव थोडा पुढे ढकला असं मी विश्वस्तांच्या कानावर घालू शकतो, दोघे माझ्या ओळखीचे आहेत. पण रोपवाटिकेचा आकडेमोडीसह कागद हवा. माळ्याचा पगार, विहीर उपसण्याचा खर्च, पहिल्या वर्षीचा तोटा, सगळं मांडून. आळंपाट, कराल का?

---

आळंपाट

करतो. विहिरीचा घेर आणि पाण्याची पातळी मात्र कोणीतरी जागेवर मोजून द्या. मे महिन्यातली पातळी हवी, आत्ताची नको.

---

तहसीलवारी

खसऱ्याची नक्कल त्याआधी. आणि कीर्दीची पानं मूळ घरातून हलवू नका, तिथेच फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.